हरणी : दुकानाच्या वहीतल्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

लातूरला जाऊन कुत्री बघून आलो. पाण्याच्या जळक्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचं माझं दुकान आहे. आलेल्या प्रत्येक मोटारीची नोंद ठेवायची मला सवय आहे. कुणाची, किती एचपी, कशानं जळाली, किती टर्न, कुठल्या गेजची तार. हिचीही तशीच ठेवणार. वेगळी वही केली नाही, याच वहीत मागच्या पानापासून सुरू करतोय.

करवानी मादी, म्हणजे शिकारीमागं पळणाऱ्या देशी जातीची. दातांवरून वय चारच्या आसपास. अंगावर तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. खांद्यापाशी उंची २६ इंच. करवानीच्या मागच्या दोन-तीन बरगड्या चांगल्या तब्येतीतही दिसतात, तेवढ्यावरून उपाशी म्हणता येत नाही. हिच्या मात्र सगळ्या दिसतात, शिवाय पाठीचे मणके आणि कमरेची दोन्ही हाडं. मागच्या उजव्या पायाला हाड वाकडं जुळल्याची गाठ. गळ्याभोवती केस नसलेली एक रेघ, नायलॉनची दोरी रुतून झालेली.

जखमी जनावरं सांभाळणाऱ्या तिथल्या पोरांनी सांगितलं की जुलैत हमरस्त्याच्या कडेला बाभळीला बांधलेली सापडली. सशामागं सोडायची कुत्री असणार, पाय मोडला म्हणून टाकून दिली असणार, असा त्यांचा अंदाज. मलाही तसंच वाटतं. ज्यांना ती फक्त पळण्यासाठी हवी होती त्यांना लंगडी झाल्यावर ती कशाला हवी असेल? त्या पोरांकडं तीन पिल्लंही होती, ती आठवड्याभरात गेली. हिला तीन महिन्यांत एकानंही विचारलं नाही.

मी तिथं का गेलो ते इथं लिहून ठेवतो. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या शेतातल्या आखाड्यावर एक करवानी होता. दिवसभर साखळीला. रात्री सोडायचो तेव्हा तो आखाड्याभोवती गोल गोल पळायचा, तोंडाला फेस येईपर्यंत. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. त्या साखळीनं जमिनीवर पडलेलं वर्तुळ मला अजून दिसतं, त्यात गवताची काडी उगवली नव्हती. तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आता वाटतं.

९ ऑक्टोबर

लातूरची पोरं घर बघायला आली. त्यांच्या अटी : साखळीला बांधायचं नाही, पिल्लं काढायची नाहीत, नसबंदी करायची, आणि ती कधीही न सांगता बघायला येणार. चारही मान्य केल्या, आधारची झेरॉक्स दिली.

आमच्या मागच्या अंगणाची भिंत चार फूट. त्यांच्यातली मुलगी म्हणाली, ‘काका, एवढी तर ती जागेवरून ओलांडंल.’ सहा फूट तरी पाहिजे. आज भिंतीला बांबू बांधून वर हिरवी शेडनेट ताणली. हा तात्पुरता इलाज आहे, कायमचा नव्हे.

आईचा विरोध आहे. ‘रस्त्यावर पडल्यात ती कमी हायत व्हय? कामून आणूलालास रं हे?’ मग म्हणाली, आणायचं तर आण, उंबऱ्याच्या आत नाही. हे मी कबूल केलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, आज आणली. भाच्याचा छोटा हत्ती टेम्पो नेला होता. सत्तर किलोमीटरांत दोनदा ओकली. मी मागं तिच्याजवळ बसलो होतो, हात लावला नाही. बघतही नव्हतो. डोळ्यांत डोळे घालून बघितलं की अशी जनावरं आणखी आकसतात, म्हणून शेजारी नुसतं बसायचं.

तांब्याचं भंगार मोजायच्या काट्यावर वजन केलं. १७.८ किलो. या उंचीच्या मादीचं २२ ते २४ तरी हवं.

अंगणात सोडल्याबरोबर भिंतीच्या कोपऱ्यात गेली, पाठ भिंतीला लावून उभी राहिली. बसली नाही. रात्री अकरापर्यंत उभीच. भाकरी-दूध ठेवलं, तोंड लावलं नाही. आम्ही दिवे बंद करून आत गेल्यावर पातेलं वाजलेलं ऐकू आलं.

१४ ऑक्टोबर

पातेलं चाटूनपुसून लख्ख. पण माणूस दिसलं की खात नाही. लातूरच्या मुलीनं निघताना सांगितलं होतं : घाबरायचं थांबायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, हे आपलं घर आहे असं वाटायला तीन महिने. हा ढोबळ हिशोब. कुणाला कमी लागतील, कुणाला दुप्पट.

नाव ठेवलं. तिकडं तिला लकी म्हणत होते, त्या नावाला ती कान हलवत नव्हती. आई ओसरीवरून बघत होती, म्हणाली, आमच्या माहेरी अशाच रंगाची हरणी गाय होती. माझ्या लेकीनं लगेच हाक मारली, ‘हरणी!’ तिनं याही नावाला कान हलवला नाही. पण नाव तेच राहिलं.

१६ ऑक्टोबर

कालपासून नाकातून रक्ताचा थेंब. हिरड्या पांढऱ्याफटक. कानांच्या आत आणि पंजांच्या बोटांत गोचीड. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेली. ताप १०४. निरोगी कुत्र्याचा १०१ ते १०२.५ असतो. रक्त तपासलं, प्लेटलेट ६२ हजार. डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती करवानी पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या जातींत प्लेटलेट इतर कुत्र्यांपेक्षा मुळातच काहीसे कमी असतात आणि लाल पेशी जास्त. त्यामुळं छापील आकड्यांशी ताडून बघताना फसायला होतं. पण ६२ हजार हे या जातीलाही कमीच. गोचीडताप.

डॉक्सिसायक्लिन १०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस. रिकाम्या पोटी द्यायची नाही. पाच-सहा दिवसांत कुत्रं टवटवीत दिसायला लागतं आणि लोक गोळी बंद करतात. मग ताप परत येतो. मी कॅलेंडरवर १३ नोव्हेंबरला गोल केला. सुरुवात उद्यापासून.

गोचिडीचं औषध लावलं. गोचीड ओढून काढायची, चिरडायची नाही, आणि हातानं तर नाहीच. रेबीजची आणि बाकीच्या रोगांची लस ताप गेल्यावर.

२० ऑक्टोबर, रविवार

खाण्याचं बसवलं. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. ज्वारीची भाकरी कुस्करून बिनमिठाच्या, बिनकांद्याच्या चिकनच्या पाण्यात, वर दोन उकडलेली अंडी, दुपारी ताक-भात. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे हे आईला पटायला वेळ लागला, कारण आखाड्यावर आम्ही उरलेली आमटीच घालायचो. नुसत्या भाकरी-दुधावर अशी कुत्री जगतात, पण अंगाला मांस धरत नाही.

उपाशी कुत्र्याला एकदम भरपेट घालायचं नाही. आणि खाल्ल्यावर तासभर पळू द्यायचं नाही, छाती खोल असलेल्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो.

पहिल्यांदा बसली. बसली म्हणजे पुढचे पाय दुमडून, उठायच्या तयारीतच. तरी बसली.

२४ ऑक्टोबर

पट्टा केला. करवानीचं डोकं मानेइतकंच अरुंद असतं, म्हणून साधा पट्टा मागं सरकून निघतो. बाजारातला घट्ट केला तर नेमका गळ्यावरच्या त्या रेघेवर बसतो. बाजेची दोन इंची नवार घेतली. मोठ्या पट्टीच्या दोन टोकांना दोन कड्या, त्या दोन्ही कड्यांतून ओवलेला एक छोटा फास, आणि दोरी त्या फासाला. तिनं ओढलं की कड्या जवळ येतात, पट्टा डोक्यावरून निघत नाही. पण कड्या एकमेकींना टेकल्या की पुढं आवळत नाही, म्हणून गळाही दाबत नाही. आतून आईच्या जुन्या लुगड्याचं कापड शिवलं. बायकोनं मशीनवर शिवून दिला, तिची शिलाई माझ्यापेक्षा सरळ आली.

घालायला चार दिवस. पहिल्या दिवशी पट्टा पातेल्याशेजारी ठेवला, दुसऱ्या दिवशी पातेल्यावर, तिसऱ्या दिवशी हातात धरून त्यातून अंडं दिलं. चौथ्या दिवशी तिनं स्वतःच डोकं घातलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

दुकानात आणायला लागलो. अंगण आणि दुकान यांच्यामध्ये बोळ आहे, उंबरा लागत नाही. ती टेबलाखाली शिरते.

सध्या सीझन आहे. सोयाबीन निघालं, हरभऱ्याला पाणी सुरू होणार, रोज दोन-तीन जळक्या मोटारी येतायत. व्होल्टेज पडलं की मोटार करंट जास्त ओढते आणि वायंडिंग जळतं, दरवर्षीचंच आहे. आज ५ एचपीची एक भरून झाली. टेस्टला चालू केली, तर हरणी टेबलाखाली आडवी झाली. पूर्ण आडवी, कुशीवर, चारही पाय ताणून. मोटार बंद केली तशी डोकं वर केलं. पुन्हा चालू केली, पुन्हा टेकलं. तिला इथं येऊन चौदा दिवस झाले, आणि मी तिला झोपलेली आज बघितली.

वार्निशचं काम मात्र आता मागच्या पत्र्याखाली करतो. तो वास तिच्या नाकाला झेपायचा नाही. खरं तर माझ्याही छातीला चांगला नाही.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

कालपासून फटाके. संध्याकाळी सहाला दुकानाचं शटर ओढलं, फटींत पोती कोंबली, टेबलावरून खालपर्यंत दोन गोधड्या सोडल्या आणि ३ एचपीची मोटार नुसती चालू ठेवली. सातला पहिली लड लागली तेव्हा ती इतकी थरथरत होती की टेबलावरचे पाने वाजत होते. मी जमिनीवर बसून राहिलो. तिला धरलं नाही, घाबरलेल्याला धरलं की त्याला सुटायची घाई होते. साडेआठच्या सुमारास तिनं स्वतः हनुवटी माझ्या पावलावर ठेवली.

आत लक्ष्मीपूजन बायकोनं आणि लेकीनं केलं. आईनं प्रसाद दुकानात आणून दिला. शटर अर्धं वर करून आत आली, बघितलं, म्हणाली, ‘लेकरागत कापूलालीय की रं.’ मग मोड्यावर बसली. दहापर्यंत आम्ही तिघंही तिथंच होतो.

१३ नोव्हेंबर

शेवटची गोळी. प्लेटलेट १ लाख ७० हजार. वजन २०.१. पुढच्या आठवड्यात लस.

१६ नोव्हेंबर

आज वाईट झालं असतं. पहाटे साडेपाचला किल्ल्याच्या बाजूनं फिरवत होतो. रोज दीड तास चालतो, सकाळी तास आणि संध्याकाळी अर्धा. वळणावर एकदम शेळ्या आल्या. मला त्या दिसायच्या आधी तिला दिसल्या. दोरीला असा हिसका बसला की माझा खांदा अजून दुखतोय. पट्टा टिकला. ती ना भुंकली ना गुरगुरली. नजर एका शेळीवर खिळली आणि कान मागं गेले. मी हाका मारत होतो आणि तिला मी ऐकूच येत नव्हतो.

हे तिच्या हट्टामुळं किंवा शिकवण कमी पडल्यामुळं होत नाही. नाकानं माग काढणारी कुत्री वेगळी, ही नजरेनं शिकार करणारी जात आहे. पळणारं काही दिसलं की विचार करायच्या आधी पाय सुटतात. शेकडो वर्षं माणसानं नेमकं तेच निवडून निवडून वाढवलं. आता त्याबद्दल तिला मारायचं?

उपाय दोन. एक, मुसकं. मळणीत बैलाला घालतात तसंच, पण प्लास्टिकच्या जाळीचं. त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, चावता येत नाही. तेही पट्ट्यासारखंच अंड्यावर शिकवायचं. दुसरा, दोरीशिवाय मोकळ्यावर कधीच सोडायची नाही.

पण मग ही पळणार कुठं? दोरीला धरून माझ्या चालीनं चालणं म्हणजे हिच्यासाठी उभं राहणंच. देवणी रोडच्या शेतात काही करता येईल का, टेप घेऊन बघून येतो.

२३ नोव्हेंबर

विधानसभेचा निकाल. दिवाळीपेक्षा जास्त फटाके, तेही दिवसाढवळ्या. मोटार, गोधड्या, टेबल. यावेळी थरथर अर्ध्या तासात थांबली.

८ डिसेंबर, रविवार

शेत मोजलं. विहिरीच्या वरच्या अंगाला ६० फूट बाय १८० फुटांची पट्टी निघते, दहा गुंठे. बायकोचं म्हणणं, दीड एकरातले दहा गुंठे कुत्रीला? तिचं खरं आहे. मी म्हणालो, आत मारवेल लावू, शेजाऱ्याच्या गाईला गवत जाईल, त्याच्या बदल्यात आपल्याला दूध. ती म्हणाली, आधी जाळीचे पैसे आण. तेही खरं.

दुपारी एक जण दुकानात आला. मोटार घेऊन नव्हे, हरणीकडं बघायला. तिच्या पायांवरून हात फिरवायला गेला तर ती टेबलाखाली गेली. म्हणाला, बारा हजार देतो, ओरिजनल माल आहे, पाय तर भरलाय, वेळ अमावस्येच्या सुमाराला सशाला चांगली जाईल. मी सांगितलं की सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. हसला. मग म्हणाला, पिल्लं तरी काढा, एकेकाचे पाच येतील. मी त्याला बाहेर जायला सांगितलं. आवाज चढला होता माझा, लेक आतून धावत आली.

लेकीनं नंतर मोबाइलवर २००५ सालचं पोस्टाचं तिकीट दाखवलं, देशी कुत्र्यांच्या चार जातींवर काढलेलं. त्यात मुधोळ हाउंड आहे. आपल्याकडं करवानी म्हणतात, सीमेपलीकडं कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली म्हणून ते नाव. २०१६ साली लष्करानंही मेरठच्या केंद्रात ही कुत्री नेली. लेक म्हणाली, ‘पप्पा, तिकिटावर आहे आणि बाभळीला बांधून जातात?’ मला उत्तर सुचलं नाही.

वजन २१.९.

३० डिसेंबर, सोमवार, वेळ अमावस्या. रात्री अकरा

चूक माझी आहे, ती आधी लिहितो.

सगळे शेतात गेलो होतो. कडब्याची कोप उभी केली, पांडव पुजले, भज्जी, आंबील, उंडे, खीर. सात-आठ घरची माणसं. जेवताना मी हरणीची दोरी बाजेच्या पायाला अडकवली. मुसकंही काढलेलं होतं, पाणी पिते म्हणून. दोरीचा हूक दहा रुपयांचा. इतकी मोजमापं करणारा मी, पट्टा दोनदा शिवून घेतला आणि हूक बघितला नाही.

बारा पन्नासला धुऱ्यावरून ससा उठला. बाज दोन फूट सरकली, हूक उघडला. दहा सेकंदांत ती तुरीपलीकडं. लंगडी कुत्री म्हणायचो तिला, चार पाय एकत्र येऊन कमान होते आणि पुन्हा सुटते, तेवढंच दिसलं.

पोरं गाड्या काढून मागं निघाली होती, त्यांना थांबवलं. मागून गाडी आली की ती आणखी लांब जाणार. तिचा तोल गेलेला असताना हाकांचाही उपयोग नव्हता. तिची गोधडी कोपीसमोर अंथरली, वर माझा सदरा टाकला. आणि विहिरीवरची मोटार चालू केली. या आठवड्यात थ्री फेज दिवसाची आहे, पाचला जाणार होती.

लोक हळूहळू गेले. बायको, लेक, आई आणि मी राहिलो. लेक रडत नव्हती, धुऱ्याकडं तोंड करून उभी होती. आईनं आंबिलीचं मडकं झाकून ठेवलं. तीन वाजले, चार वाजले. मी घड्याळ बघत होतो ते तिच्यासाठी आणि लायनीसाठी. पाणी हरभऱ्याच्या सरीतून वाहून खालच्या वावरात चाललं होतं, तरी मोटार बंद केली नाही.

चार पस्तीसला ज्वारीतून बाहेर आली. चालत. गोधडीवर येऊन आडवी झाली. डाव्या कुशीला पाच इंचाची चीर, कातडं कागदासारखं फाटून लोंबत होतं. वेडी बाभूळ किंवा काटेरी तार. या कुत्र्यांचं कातडं पातळ, खाली चरबी नाही, जरा अडकलं की असं फाटतं. तोंडाला रक्त नव्हतं. ससा सुटला असावा असं मला वाटतं.

मोटारीच्या आवाजानं आली की तहानेनं, ते सांगता येणार नाही. मी मोटार बंद केली आणि तिथंच खाली बसलो. आई काही बोलली नाही. पदर ओला करून तिनं हरणीच्या डोळ्यांतली माती पुसली. हरणीनं पुसू दिली.

डॉक्टर मॅडमनी रात्री आठला अकरा टाके घातले.

३१ डिसेंबर

ती आज माझ्या उशाशी झोपली होती. म्हणजे उंबऱ्याच्या आत. जखमेला थंडी लागू नये म्हणून आईनंच आत घ्यायला लावली. हरणी उंबऱ्यापाशी अडली होती, आत यायला तयार नव्हती. कदाचित आयुष्यात कधी छपराखाली गेली नसेल. शेवटी आईनं आतून गोधडी ओढत नेली तशी ती गोधडीमागं गेली.

५ जानेवारी २०२५, रविवार

जाळी करायचीच. औश्याकडच्या एका शेतकऱ्यानं द्राक्षबाग मोडलीय, त्याचे लोखंडी अँगल पडून आहेत. त्याच्या दोन मोटारी मी भरून देणार, बदल्यात ५० अँगल. जाळी किलोवर मिळते, सहा फूट उंचीची दहा बंडलं लागतील, ३३ हजार. निम्मे आता, निम्मे हरभरा विकल्यावर. दुकानदार ओळखीचा आहे.

२६ जानेवारी

अँगल रोवायला सुरुवात. काळी माती असल्यामुळं दीड फुटावर काही रोवायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि खांब पहिल्याच वर्षी कलतात. मुरूम लागेपर्यंत खणायचं. वरच्या टोकाला अडीच फुटावर लागला, विहिरीकडं साडेतीनला. दिवसाला आठ खड्डे, मी आणि भाचा. हरणी दोरीला, मुसकं घालून, कोपीच्या सावलीत. नवीन हूक पितळी आहे, माझं स्वतःचं वजन टांगून बघितलं.

टाके कधीच निघाले, व्रण राहिला. वजन २२.६.

११ फेब्रुवारी

नसबंदी. ऑपरेशनच्या आधी मी भुलीचं विचारलं, कारण वाचलं होतं. पळणाऱ्या जातींच्या अंगात चरबी नसते आणि त्यांचं यकृत थायोपेंटोनसारखी औषधं सावकाश पचवतं, म्हणून ती भूल लवकर उतरत नाही, कधी जिवावर बेतते. मॅडम म्हणाल्या, माहीत आहे, हिला प्रोपोफॉल देणार आणि पुढं गॅसवर ठेवणार. बरं वाटलं. ज्याचं कुत्रं आहे त्यानं हे विचारलंच पाहिजे, डॉक्टरांनाही त्यात काही वाईट वाटत नाही. भुलीतून उठेपर्यंत अंग गार पडू नये म्हणून दोन गोधड्या नेल्या होत्या, दोन्ही लागल्या.

दहा दिवस पळणं नाही. जाळीचं काम तोवर होतंय.

१८ फेब्रुवारी

जाळी ताणली. खालच्या बाजूनं सहा इंच चर काढून जाळी मातीत घेतली, वर दगड. बायको दोन दिवस दगड वेचायला होती. तिनंच सुचवलं की फाटकापाशी आणखी एक फाटक करू, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद राहील आणि ती पायांतून निसटणार नाही. माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

२ मार्च, रविवार

सकाळी साडेसहा. ऊन चढायच्या आत पोचलो. आता एक-दीड महिन्यात बेचाळीसवर जाईल, तेव्हा आणखी लवकर यावं लागेल.

निघायच्या आधी वजन २३.४. रिकाम्या पोटी आणली. दोन्ही फाटकं लावली, मुसकं काढलं, पट्ट्याचा हूक सोडला.

दोन मिनिटं ती माझ्या शेजारी उभी राहिली. दोरी अजून आहे असं समजून. मी चार पावलं चाललो, तीही चार पावलं चालली. मग लेक दुसऱ्या टोकाला गेली आणि तिनं हाक मारली, ‘हरणी!’

कान उभे राहिले. नावाला.

१८० फूट. लेकीच्या मोबाइलवर पावणेपाच सेकंद. लेकीपाशी न थांबता वळून परत माझ्याकडं, मग जाळीच्या कडेनं लांबट गोल, माती उडवत. जाळीला एकदाही धडकली नाही. उजवा पाय वळताना थोडा बाहेर फेकते, तेवढाच फरक. सात फेऱ्या मोजल्या. आठव्या फेरीत मधेच थांबली, जिभेतून धापा टाकत विहिरीच्या कोपऱ्यात मातीत लोळली आणि चारही पाय वर करून पडून राहिली. तिला कुणी थांबवलं नव्हतं.

आई जाळीबाहेर बांधावर बसली होती. म्हणाली, ‘आपला तो करवानी बी असाच पळला असता रं.’ माझ्या मनात तेच चाललं होतं. आईला तो आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

पाणी लगेच दिलं नाही, धाप बसल्यावर थोडं थोडं दिलं. पंजे तपासले, डाव्या पुढच्या बोटात एक काटा, काढला.

राहिलेली कामं : आतल्या फाटकाखाली तीन बोटं फट आहे, दगड बसवायचा. विहिरीच्या बाजूला सावलीसाठी पत्रा. बंडलांचे उरलेले साडेसोळा हजार. मारवेलचे ठोंब पाऊस पडल्यावर. आतल्या वेड्या बाभळीची रोपं उपटली, मुळं अजून आहेत, ती खणून काढायची.